कंसातलं मोठ्याने वाचू नये

मुक्काम डेन्मार्क
रविवार, १८ जुलै १९९३

तीर्थस्वरूप लोटन नानांच्या पायांशी पुतण्या अभिमनचा दंडवत. इथून चिंचबारीपर्यंत वाकायचं म्हणजे मधे दोन विमानं, एक रेल्वे आणि धुळ्याची एसटी येते, तरी तो पोचला असं समजावं. ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? जळगावच्या डॉक्टरांनी चष्म्याला दोन महिने लागतील असं सांगितलं होतं, म्हणजे हे पत्रही काकीच वाचून दाखवत असणार. तिला चौथीपर्यंत शिकवणाऱ्या मास्तरांचं भलं होवो. म्हशी दूध बरं देतात ना? कपाशीची निंदणी कुठवर आली? माझी काळजी नसावी. प्रकृती उत्तम आहे, जेवणखाण वेळेवर आहे, अभ्यास जोरात आहे आणि इथले लोक मला फार मानतात.

(काकी, धुळ्याच्या स्टँडवर आपलं ठरलं तसंच चालू ठेव. कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही. कंस उघडला की खोकायचं, मनातल्या मनात वाचून घ्यायचं आणि कंस मिटला की पुढच्या ओळीवर जायचं. चार किलो उतरलो आहे. सकाळी काळ्या ब्रेडवर थंड मासा, दुपारी उकडलेल्या बटाट्यावर थंड मासा. जेवण वेळेवर असतं हे खरं आहे, पण त्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं तेवढंच आहे.)

मी इथे नक्की कशासाठी आलो याबद्दल गावात बरीच मतं आहेत असं कळलं. झुलाल आप्पा म्हणे सांगत फिरतात की पोरगा पवनचक्क्यांचा ठेका घ्यायला गेला, आणि मंजुळाबाईंनी तर माझं गोऱ्या मुलीशी लग्नसुद्धा लावून टाकलं. तेव्हा एकदा पारावर बसून सगळ्यांना सांगून टाका. हा इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी आठ आठवड्यांचा उन्हाळी वर्ग आहे. तेरा देशांतली आम्ही बावीस पोरंपोरी आहोत. शिकवतात काय, तर कोळसा आणि रॉकेल संपल्यावर माणसाने काय करायचं. उत्तरं तीन आहेत: ऊन, वारा आणि शेण. पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. या तीन गोष्टी आपल्याकडे इतक्या आहेत की कोणी त्या शिकायला विमानाने जाईल असं सांगितलं असतं तर तुम्हीच त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

पंचाईत अशी की उन्हाचा धडा शिकवायला इथे ऊनच नाही. पहिले सहा दिवस आम्ही सूर्य फळ्यावर काढून शिकलो. मुख्य बाईंचं नाव इंगर. साठीच्या पुढच्या आहेत, पांढरे केस, डोक्यावर गवताची टोपी, सायकलवर येतात आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेतात. त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडे वर्षात ऊन किती दिवस असतं. मी म्हटलं, आम्ही उलटं मोजतो, ते कधी नव्हतं ते लक्षात ठेवतो. जळगावात पिंप्राळ्याच्या माझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी अंघोळ करायची असेल तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीच बादलीत काढून निववत ठेवावं लागतं, हे सांगितलं तर बाईंनी पेन्सिल थांबवून मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे जरा असूयेनेच पाहिलं. जळगावच्या उन्हाबद्दल माझा कोणी हेवा करेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सातव्या दिवशी ऊन आलं. शाळेच्या अंगणात आरशासारख्या पत्र्याची एक मोठी परात उभी केलेली आहे, आपल्याकडे लग्नात बुंदी पाडतात त्या परातीच्या चौपट. ती सूर्याकडे वळवली की सगळी उष्णता मधोमध गोळा होते. त्यावर प्रत्येकाने काहीतरी शिजवून दाखवायचं होतं. स्पेनच्या मुलीने अंडं ठेवलं, पोलंडच्या मुलाने बटाटा ठेवला. तेवढ्यात ढग आला. अंडं कच्चं राहिलं आणि बटाटा जमिनीतून काढला तसाच परत निघाला. माझी पाळी आली तेव्हा दोन ढगांच्या मधे ऊन पडणार होतं ते जेमतेम मिनिटभर. मी पिशवीतून काकीने दिलेला ज्वारीचा पापड, म्हणजे आपला बिबडा, काढला, चिमट्यात धरला आणि परातीच्या मधोमध नेला. पाच मोजेपर्यंत फुलला, दहाला लाल झाला. बावीस तुकडे करून वाटला. बाईंनी वहीत लिहिलं की या परातीवर या उन्हाळ्यात तयार झालेला हा पहिला पदार्थ. तेव्हा आखाजीच्या सणाआधी गच्चीवर बिबडे वाळवणाऱ्या तमाम बायांना कळवा की त्यांचं काम आता परदेशी शास्त्रात गेलं आहे.

(काकी, तो तिसरा बिबडा. पहिला जळून कोळसा झाला आणि दुसरा चिमट्यातून सुटून बाईंच्या टोपीवर पडला, टोपीला आता भोक आहे. आणि तू मिरचीचा हात सढळ ठेवला होतास, त्यामुळे पोलंडचा मुलगा तुकडा खाऊन जो पळाला तो संध्याकाळीच दिसला. चौदा उरलेत. रोज अर्धा खातो आणि अर्ध्याचा वास घेतो.)

काकीला दिलेला शब्दही पाळतो आहे. तिन्हीसांजेला दिवा लावल्याशिवाय जेवायला बसत नाही.

(हे मात्र तुला सांगायलाच हवं. इथे या दिवसांत सूर्य रात्री दहाला मावळतो आणि जेवण असतं सहाला. पहिले तीन दिवस मी दिवेलागणीची वाट बघत खिडकीशी बसून राहिलो. दहा वाजता दिवा लावून खाली गेलो तर स्वयंपाकघराला कुलूप. चौथ्या दिवशी मी पावणेसहाला खोलीचा पडदा ओढला, अंधार झाला, टेबलावरचा विजेचा दिवा लावला, हात जोडले आणि धावत जेवायला गेलो. माझ्या खोलीत घाना देशाचा एक मुलगा आहे. आता तोच मला आठवण करतो, म्हणजे पावणेसहा झाले की तोच पडदा ओढतो आणि माझ्या आधी हात जोडून उभा राहतो. देवाला हे चालतं का, तेवढं विचारून कळव.)

आता मुख्य गोष्ट. नाना, तुम्हाला वाटत असेल की माझी निवड मार्कांवर झाली. तसं नाही. अर्जासोबत आपल्या गावातल्या ऊर्जेवर दोन पानं लिहायची होती. मी आपल्या गोबरगॅसवर लिहिलं आणि ८४ सालचा तो उद्घाटनाचा फोटो चिकटवला. कॉलेजातून अर्ज गेले दोनच, आणि दुसऱ्याने फोटो लावला नव्हता. आठवतो ना फोटो? तुम्ही कडक टोपीत, एक हात लोखंडी टाकीवर, जशी काही म्हैस विकत घ्यायला आलात. मागे काकी किटली घेऊन. कडेला गटविकास अधिकारी साहेबांचा अर्धाच चेहरा, कारण फोटोवाल्याने उरलेली जागा खऱ्या म्हशीला दिली. तो फोटो इथे दारभर मोठा करून जेवणाच्या खोलीत लावला आहे. तेरा देशांतली पोरं रोज तुमच्याकडे बघत मासा खातात. बाई म्हणतात, बघा, एका शेतकऱ्याने नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगणात हे उभं केलं.

ते ऐकलं की मी मान खाली घालून मासा चिवडत बसतो. प्लांट चारपाच महिने चालून बंद पडला तेव्हा गावाने तुम्हाला काय काय नावं ठेवली ते मी विसरलेलो नाही. पंगतीला बसलं की कोणीतरी विचारणारच, नाना, आज गॅस आला का? आणि तुम्ही! बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला तर शेताची चूक, एसटी सुटली तर कंडक्टरची चूक, दाढी करताना कापलं तर आरशाची चूक, असे तुम्ही. पण त्या वेळी पारावर सगळ्यांदेखत म्हणालात की शेणात पाणी किती घालायचं ते प्रमाण माझंच चुकलं. तुम्ही आयुष्यात कबूल केलेली ही एकच चूक. मी बारा वर्षांचा होतो, तरी मला नवल वाटलं होतं. मागच्या दिवाळीत मी टाकी सुलटी करून पुन्हा चालू करू म्हटलं, तर तुम्ही म्हशींनी मग पाणी कुठे प्यायचं असं विचारून मला उडवून लावलंत.

(काकी, निबंधात मी एक वाक्य जास्तीचं घातलं आहे. आजही या गॅसवर आमच्या घरी दोन वेळचा चहा होतो, असं. टाकी उलटी होऊन म्हशींचा हौद झाली आहे, खड्ड्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्या आहेत आणि त्यात कोंबडी अंडी घालते, हे खरं खरं लिहिलं असतं तर मी आज पिंप्राळ्यातच असतो. तेव्हा म्हटलं, डेन्मार्कहून कोण बघायला येतंय.)

शेणाच्या धड्यात मात्र आपला हात कोणी धरू शकत नाही. शाळेशेजारी जेन्स नावाचा शेतकरी आहे, त्याच्याकडे चाळीस गाई. त्यांचं शेण आणि शाळेचं सांडपाणी एका मोठ्या बंद टाकीत जातं आणि त्या गॅसवर शाळेचा स्वयंपाक होतो. टाकीत जाणारा शेणकाला किती घट्ट आहे ते मोजायला त्यांच्याकडे एक यंत्र आहे, ते पाऊण तास घेतं. मी बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला, बोटांतून काला गळू दिला आणि म्हटलं, घट्ट आहे, दोन बादल्या पाणी घाला, आमच्या घरच्या पातळ पिठल्याइतका व्हायला हवा. पाऊण तासाने यंत्रही तेच म्हणालं. जेन्सने माझी पाठ थोपटली. हे मला कोणी शिकवलं ते मी सगळ्यांना सांगितलं आणि फोटोकडे बोट दाखवलं. तो दिवस फार छान गेला, नाना. दुपारी जेवताना माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

मधे शाळेचा गॅस काही तांत्रिक कारणाने नऊ दिवस बंद होता. त्या बिघाडाच्या अगदी मुळाशी जाण्याची संधी मला मिळाली आणि त्यातून पुष्कळ शिकलो. तपशील किचकट आहे म्हणून देत नाही.

(काकी, आधी बस. हा कंस मोठा आहे, नानांना सांग की पानं चिकटली आहेत. तांत्रिक कारण म्हणजे मी. इथे संडास विद्यार्थीच पाळीपाळीने धुतात. माझी पाळी आली. पाचव्या वर्षापासून तुझ्या हाताखाली वाढलेलो, तेव्हा अर्धवट सफाई मला जमत नाही. कपाटात पार मागे फिनाईलच्या वासाच्या दोन बाटल्या सापडल्या, दोन्ही ओतल्या. भिंतीवर बाटलीचं चित्र होतं आणि त्यावर लाल काट मारलेली. मला वाटलं, इथे बसून दारू पिऊ नये असं लिहिलंय, आणि मनात म्हटलं, काय शिस्तीचे लोक आहेत. संडास असा चकाकला की घानाचा मुलगा बूट बाहेर काढून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातली शेगडी विझली ती विझलीच. संडासाचं पाणी जातं कुठे, तर त्याच टाकीत. बाईंनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दोन थेंब दाखवले. एकात बारीक बारीक जीव वळवळत होते. दुसऱ्यात त्या बाटलीतलं औषध पडलेलं, तिथे सगळं निपचित. काकी, ज्यांना आपण जंतू जंतू म्हणतो तेच टाकीत बसून शेणाचा गॅस करतात. ते आपले वर्षभर राबणारे सालदार. आणि मी एका सकाळी बठ्ठ्या, एकजात सगळ्या सालदारांना विष पाजलं होतं. नऊ दिवस बावीस जणांनी थंड ब्रेड खाल्ला.

तो वास दोन दिवस हाताला होता. तिसऱ्या दिवशी आठवलं की हा वास माझ्या ओळखीचा आहे. हा सकाळचा वास, तू तुळशीला पाणी घालून प्लांटकडे जायचीस तेव्हाचा. म्हणून मागच्या पत्रात कंसात विचारलं होतं की काकी, तू प्लांटच्या तोंडात कधी फिनाईल ओतत होतीस का. तुझं उत्तर मिळालं. गावातल्या बाया शेणावरचा चहा प्यायला तयार नव्हत्या, त्यात जंतू असतात म्हणत, आणि दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं की फिनाईलने जंतू मरतात, म्हणून रोज एक टोपण. तू लिहिलंस की माझा प्रश्न वाचला त्या दिवसापासून तुला भाकरी गोड लागत नाही, नानांनी आठ वर्षं गावाचं हसू ऐकलं ते तुझ्यामुळे, आणि नानाले सांगू नको. नाही सांगणार. पण तू रडू नकोस गं. मी बाईंना सगळं कबूल केलं तेव्हा त्या काय म्हणाल्या माहीत आहे? हे प्रत्येक देशात कोणीतरी एकदा करतंच, आणि करतं ते घरातलं सर्वांत स्वच्छ माणूस. त्यांच्या स्वतःच्या आईने त्यांच्या पहिल्या टाकीत साबणाचं उकळतं पाणी ओतलं होतं. आता तो गॅस पुन्हा चालू झाला आहे. आणि तुझं गुपित माझ्यापाशी राहील.)

असं सगळं छान चाललं आहे. आणखी तीन आठवड्यांनी वर्ग संपतो, प्रमाणपत्र मिळालं की निघेन. घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांचे गालगुच्चे, आणि म्हशींना माझ्या नावाने एक पेंडी जास्त घालावी.

तुमचाच,
अभिमन

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. इंगर बाई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला एका परिषदेसाठी येत आहेत. तिथून त्या चिंचबारीला येणार आहेत. आपल्या घरी. प्लांट बघायला आणि त्या गॅसवरचा चहा प्यायला. मी त्यांना टाळायचा फार प्रयत्न केला. रस्ता खराब आहे म्हटलं, तर म्हणाल्या सायकल आणते. ऊन फार असतं म्हटलं, तर त्यांचा चेहराच खुलला. आता तिकीट काढून झालं आहे.

ता. क. २ : म्हणजे थोडक्यात काम एवढंच आहे की म्हशींना दुसरा हौद बघावा, टाकी सुलटी करावी, खड्ड्यावरच्या पऱ्हाट्या काढाव्यात आणि कोंबडीची दुसरीकडे सोय करावी. खड्डा आतून धुऊन घ्यावा, साध्या पाण्याने. झुलाल आप्पांच्या मेहुण्याकडे चालू प्लांट आहे, त्यांच्याकडून चार पिंपं शेणकाला आणून आधी घालावा, दुधाला विरजण लावतो तसा. मग रोज एक घमेलं शेण आणि एक घमेलं पाणी. महिनाभरात गॅस येतो, हे मी इथे शिकलो. नाही आला तर मी खोटा ठरेन ते ठरेन, पण तो फोटो भिंतीवरून उतरेल, आणि ते मला सोसणार नाही. (काकी, एक घमेलं शेण, एक घमेलं पाणी. दुसरं काहीही नाही.)

ता. क. ३ : सोमवार. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात डाक आली. त्यात नाना, तुमच्या अक्षरातलं पत्र. मी आधी अक्षर बघून घाबरलो, मग वाचून. तुम्ही लिहिलंय:

“चष्मा लवकर आला. चांगलं दिसतं. आधी तुझी जुनी पत्रं काढून वाचली. तू कंसात फार लिहितो. तुझी पत्रं वाचताना तुझ्या काकीला खोकला येतो म्हणून मी धुळ्याहून औषधाच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, त्या ती मुकाट्याने प्यायली. फिनाईलचं तू तिला विचारलं ते वाचलं. माले बठ्ठं माहीत शे. पंचायत समितीचे साहेब ८५ साली तपासायला आले तेव्हा नाक लावूनच त्यांनी सांगितलं होतं. पण नाव फुटलं असतं तर बायांनी टोमणे मारून तिला विहिरीवर उभं राहू दिलं नसतं. मला गाव आधीपासून हसतं, त्यात एक जास्त. म्हणून प्रमाण माझं चुकलं म्हणून सांगितलं. खड्डा मी मुद्दाम उघडू देत नाही, वास अजून असेल, तिला कळेल. ती मनाला फार लावून घेते. तू गप बस. (तुन्ही काकीले सांगू नको.)”

नाना, हे मी तीनदा वाचलं. तुम्ही आयुष्यात कबूल केलेली एकच चूक, आणि तीसुद्धा तुमची नव्हती. घानाच्या मुलाने विचारलं की घरी सगळे बरे आहेत ना, तर मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, त्यामुळे त्याने घाबरून पडदा ओढला आणि हात जोडले.

म्हणजे हे पत्र आता तुम्हीच वाचणार. पहिला विचार आला तो ते फाडून टाकायचा. कोरा कागद घेतला, त्यावर प्रकृती उत्तम आहे असं लिहिलं आणि पेन पुढे सरकेना. फाडलं तर काय होईल ते मला इथून दिसतं. तुम्ही खड्डा उघडू देणार नाही, कारण काकीला कळेल. काकी खड्ड्याजवळ जाणार नाही, कारण तुम्हाला कळेल. आणि ऑक्टोबरात इंगर बाई भोक पडलेली टोपी घालून म्हशींच्या हौदाजवळ उभ्या राहतील आणि चहाची वाट बघतील. एकाच चुलीशी बसून तुम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवता, आणि दोन्हीकडून मलाच शपथ घालता. रोजच्या थंड माशावर मला ही दोन गुपितं पचत नाहीत. तुमचं सांगणं मी आजवर मोडलं नाही, हे पहिलं. रागवायचं असेल तर आल्यावर रागवा.

म्हणून हे पत्र आहे तसंच पाठवतो, चार किलोसकट. एक करा. संध्याकाळी दिवा लागला की दोघं ओट्यावर बसा. वाचायचं काकीनेच, नानांनी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवायचं. अगदी दंडवतापासून, एकही कंस न गाळता, आणि कोणीही खोकायचं नाही. वाचून झालं की काकी जे रडेल ते रडू द्या, मग तिला चहा करायला सांगा, आणि सकाळी दोघं मिळून टाकी सुलटी करा.

(काकी, हेसुद्धा मोठ्याने.)